उचल घेऊन केनियाला जाऊ नकोस

ताई, नमस्कार.

मी केज तालुक्यातल्या एका गावची. वय २३. आई-बाबा ऊसतोडीला जातात. चौथीपासून दहावीपर्यंत मी हंगामात गावातल्या वसतिगृहात राहून शिकले. पुढे अंबाजोगाईला बी.ए. केलं आणि गेल्या वर्षी लातूरहून एमएसडब्ल्यू झाले. सध्या बचत गटांचे हिशेब बघण्याचं काम मानधनावर करते.

इन्स्टाग्रामवर एका एजन्सीची जाहिरात पाहिली. केनियात किसुमू शहराजवळच्या खेड्यात सहा आठवडे राहून मुली आणि महिलांसाठी स्वयंसेवक म्हणून काम करायचं. शाळेत मुलींना पाळीची माहिती द्यायची, बायकांना शिवणकाम आणि बचत शिकवायची, आठवड्यातून दोन दुपारी अनाथालयात मुलांबरोबर घालवायच्या. शेवटी प्रमाणपत्र. फी १ लाख ६५ हजार, विमानाचं तिकीट वेगळं. फोन केला तर म्हणाले, तीनच जागा राहिल्यात, या महिन्यात पैसे भरा.

मला मनापासून जायचंय. वसतिगृहात असताना पुण्याहून ताया आठवडाभर राहायला यायच्या. गाणी शिकवायच्या, वह्या वाटायच्या, आमचे फोटो काढायच्या. तेव्हापासून वाटतं, आपणही असं कुणासाठी तरी जावं. (गावाजवळच्या एक मॅडमही यायच्या, दर शनिवारी, गणित शिकवायला. त्यांच्यामुळे मी दहावी झाले.) बाबा म्हणतात, यंदा मुकादमाकडून जास्तीची उचल घेतो, तू जा. आई म्हणते, "कशाला जायलीस गं इतक्या लांब? इथं काय कमी हाय का?" गावातही सगळे हेच बोलतात आणि लगेच लग्नाचं काढतात. मी जावं का? माझ्यासारखीने दुसऱ्या देशातल्या बायकांना मदत करायला जाणं चूक आहे का?

तुमची एक वाचक

*

लेकी,

आधी एवढं कर, बाकीचं पत्र नंतर वाच. बाबांना आजच सांग की माझ्यासाठी उचल घेऊ नका.

उचल काय असते हे तुला सांगायला नको, पण हे सदर शहरातही वाचलं जातं म्हणून लिहिते. हंगामाआधी मुकादम नवरा-बायकोच्या जोडीला आगाऊ रक्कम देतो. त्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मग दिवाळीच्या आगेमागे निघायचं आणि उन्हाळा लागेपर्यंत ऊस तोडून ती रक्कम फेडायची. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामावर. मधे दुखण्याखुपण्याने दिवस चुकला तर खाडा धरून पैसे कापतात. बाबांनी आणखी दीड-पावणेदोन लाख घेतले तर ते एकट्या बाबांच्या अंगावर येत नाहीत, कारण कोयता दोघांचा आहे. तुझी आई अजून एक-दोन हंगाम अंधारात उठून फडात जाईल, डोक्यावर मोळ्या घेऊन फळीवरून ट्रकात चढेल. एका गावातल्या बाईचं अंग झिजवून दुसऱ्या गावातल्या बायकांचं भलं करायला जायचं, हा हिशेब मला पटत नाही. तू हिशेबाचंच काम करतेस. मांडून बघ.

बाबांशी बोलताना मात्र त्यांचं मन राखून बोल. ज्या माणसाने आजवर पोटासाठी आणि लग्नकार्यासाठी उचल घेतली, तो आज मुलीच्या परदेशी जाण्यासाठी घ्यायला निघालाय. मला येणाऱ्या पत्रांत असे बाप फार थोडे असतात. "मी जात नाही" असं त्यांना सांगू नकोस. "या पैशाने जात नाही" असं सांग.

आता तुझा प्रश्न. त्यात दोन प्रश्न एकमेकांत अडकलेत. या एजन्सीबरोबर जावं का, आणि परदेशातल्या खेड्यात बायका-मुलींसाठी काम करायला जावं का. पहिल्याचं माझं उत्तर नाही. दुसऱ्याचं हो, पण थोडं थांबून आणि दुसऱ्या वाटेने.

एजन्सी फसवी आहे असं मी म्हणणार नाही. मी त्यांचे कागद पाहिलेले नाहीत. आणि स्वयंसेवकाने थोडेफार पैसे भरायचे यात वावगंही काही नाही. ज्या घरात तू सहा आठवडे राहशील, जेवशील, त्या घराला खर्च येतोच, आणि तो तिथल्या गरीब कुटुंबाने का सोसावा? पण तुझ्या पत्रात मला खटकलं ते वेगळंच. त्यांनी तुला काय येतं हे विचारल्याचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. तू मुलींबरोबर, लहान पोरांबरोबर राहणार, तरी चारित्र्य पडताळणीचा दाखला मागितलेला नाही. मुलाखत नाही. तू कुणाच्या हाताखाली काम करणार हे सांगितलेलं नाही. जागा संपत आल्या, पैसे भरा, एवढं मात्र सांगितलं. ज्या गावाला खरोखर माणूस हवा असतो ते गाव आधी माणसाबद्दल विचारतं.

त्यांना एक मेल लिही आणि त्यात साधे प्रश्न विचार. त्या खेड्यात काम करणारी स्थानिक संस्था कोणती, तिची नोंदणी कुठे आहे, ती चालवणाऱ्या बाईंशी मला व्हिडिओ कॉलवर बोलता येईल का. माझ्या फीमधले किती पैसे त्या गावात खर्च होतात. मागच्या वर्षी आलेल्या स्वयंसेवकांनी जे सुरू केलं ते आता कोण चालवतंय. माझ्याशी कुणी गैरवर्तन केलं तर तक्रार कुणाकडे करायची. आणि माझी तिथल्या कामाची परवानगी कोणत्या प्रकारची असेल. हा शेवटचा प्रश्न विसरू नकोस. केनियाने जानेवारी २०२४ पासून पर्यटकांसाठी ऑनलाइन प्रवास-परवानगी सुरू केली आहे. ती फिरायला जाणाऱ्यांची. काम करायचं तर, बिनपगारी असलं तरी, तिथल्या इमिग्रेशन खात्याचा वेगळा पास किंवा परवाना लागतो. पुष्कळ एजन्सी "विमानतळावर टुरिस्ट सांगा" म्हणून मोकळ्या होतात. पकडलं गेलं तर अडकशील तू.

अनाथालयातल्या दोन दुपारींबद्दल मला जरा सविस्तर लिहायचंय, कारण तो भाग तुला सगळ्यात निष्पाप वाटला असेल. जगभरातल्या अनाथालयांत राहणाऱ्या बहुसंख्य मुलांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, जिवंत असतात. मूल तिथे येतं ते गरिबीमुळे, शाळेच्या आशेने, कधी कुणी दलालाने आईबापांना गळ घातल्यामुळे. पाहुणे येतात, पैसे देतात, म्हणून पोरं भरली जातात. नेपाळमध्ये हे इतकं वाढलं की अनाथालयं नेमकी पर्यटक जातात त्या काठमांडू, पोखरा, चितवन या भागांत दाटली. केनिया सरकारने २०१७ मध्ये नव्या बालगृहांची नोंदणीच थांबवली आणि मुलांना घरी किंवा नातेवाइकांकडे परत पाठवण्याचं धोरण पुढे आणलं. आणि समजा एखादं अनाथालय अगदी चोख आहे. तरी दर सहा आठवड्यांनी नवी ताई येते, पोर तिला बिलगतं, ती जाते. पुन्हा नवी. आईबाप सहा महिने कारखान्यावर गेले की पोराच्या आत काय होतं हे तुला मी समजावू? ज्या कार्यक्रमात हे आहे तो कार्यक्रम त्या एका कारणासाठी सोडून दे.

बाकीच्या दोन कामांचं बघू. पाळीची माहिती. केनियाने सॅनिटरी पॅडवरचा कर २००४ मध्ये काढला. आपण जीएसटी काढला जुलै २०१८ मध्ये. शाळकरी मुलींना सरकारने मोफत पॅड द्यावेत असा कायदा त्यांनी २०१७ मध्ये केला. तो कागदावरून प्रत्येक शाळेत पोचला असं मी म्हणत नाही, आपल्याकडेही कायद्यांचं काय होतं ते आपण पाहतो. पण या विषयावर लढलेल्या बायका त्या देशात आहेत, शिक्षिका आहेत, आरोग्यसेविका आहेत. किसुमूच्या खेड्यांत लुओ भाषा बोलतात. तू तुटक इंग्रजीत बोलणार, कुणीतरी ते लुओत सांगणार, आणि वर्गातल्या मुली लाजून खाली बघणार. हेच त्यांच्या शाळेतल्या बाई बोलल्या तर?

बचतीचंही तसंच. केनियातल्या बायकांचे 'चामा' म्हणजे आपले बचत गटच, भिशीसकट. आणि मोबाइलवरून पैसे पाठवायची एम-पेसा सेवा तिथे २००७ मध्ये सुरू झाली, आपलं यूपीआय आलं २०१६ मध्ये. वंगारी मथाई यांनी १९७७ पासून खेड्यातल्या बायकांना हाताशी धरून झाडं लावण्याची चळवळ त्याच देशात उभी केली, २००४ चं शांततेचं नोबेल त्यांना मिळालं. संबुरू भागात उमोजा नावाचं गाव आहे, अत्याचारातून निघालेल्या बायकांनी १९९० मध्ये वसवलेलं, तिथे बायकाच राहतात, बायकाच कारभार बघतात. हे सगळं लिहिते आहे कारण जाहिरातीतला केनिया म्हणजे नुसती हात पसरून उभी असलेली लेकरं. तू तिथे जाशील तेव्हा तुझ्यासमोर अशा बायका असतील ज्यांच्याकडून तुलाच पुष्कळ शिकता येईल. शिवणकाम सहा आठवड्यांत कुणी शिकत नाही, त्यावर मी वेळ घालवत नाही.

मग तुझ्यासारखीने द्यायचं तरी काय? इथे मला तुझं पत्र फार आवडलं. तू कंसात एक वाक्य लिहिलंस, गणिताच्या मॅडमचं. पुण्याच्या ताया वाक्याच्या मधोमध आहेत आणि मॅडम कंसात, पण दहावी झालीस ती मॅडमांमुळे, हेही तूच लिहिलंस. त्या तायांचं मन वाईट नव्हतं. त्यांनी गाणी दिली, पोरांना आठ दिवस आनंद दिला, त्याला मी नावं ठेवणार नाही. पण तुझं गणित कुठे अडतं हे मॅडमना ठाऊक होतं, कारण त्या पुढच्या शनिवारी पुन्हा येत होत्या. मदत घेणाऱ्याच्या जागेवर तू सहा-सात वर्षं काढलीस. परदेशी जाणाऱ्या स्वयंसेवकांत असे फार थोडे. कोण आपल्यासाठी आलंय आणि कोण स्वतःसाठी, हे वसतिगृहातल्या पोरींना दोन दिवसांत कळतं. किसुमूच्या पोरींनाही कळेल.

तुला आणखी एक गोष्ट माहीत आहे, ती बहुतेक तुला ज्ञान वाटतच नाही. किसुमूच्या आसपास, पश्चिम केनियात, उसाचा पट्टा आहे. तिथेही कारखाने आहेत, तोडणी आहे, थकलेली बिलं आहेत. तुझ्या बीड जिल्ह्यात २०१९ मध्ये सरकारी समितीच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. डॉक्टर भीती घालतात हे एक कारण. पण पाळीत फडात ना संडास, ना पाणी, आणि एक दिवस घरी राहिलं तर खाडा, हे त्यामागचं खरं कारण तू आईच्या तोंडून ऐकत वाढलीस. बाईच्या आजारपणाची मुळं मजुरीत असतात हे पुस्तकातून शिकायला लोकांना वर्षं लागतात. तू ते घेऊन जाशील तर तिथल्या तोडणीवाल्या बायकांशी तुझं बोलणं बरोबरीचं होईल. त्या सांगतील त्यांचं, तू सांगशील तुझं.

मात्र एक सावधपणा ठेव. तिथे तुला आधी 'मुहिंदी', म्हणजे भारतीय, म्हणून बघतील. रेल्वे बांधायला गेलेल्या मजुरांपासून दुकानदार, कारखानदारांपर्यंत भारतीय वंशाची माणसं केनियात शंभराहून जास्त वर्षं आहेत, आणि खेड्यातल्या माणसाच्या डोळ्यापुढे येतो तो पैसेवाला दुकानदार. तुझी आई ऊस तोडते हे तुझ्या चेहऱ्यावर लिहिलेलं नाही. ते कळायला वेळ द्यावा लागतो, म्हणूनही सहा आठवडे अपुरे.

आता आईचा आणि गावाचा सवाल, इथं काय कमी आहे. अडलेल्या बायका-मुली इथंही काही कमी नाहीत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत परभणी जिल्ह्यातल्या २० ते २४ वयाच्या बायकांपैकी ४८ टक्के अठराच्या आत लग्न झालेल्या निघाल्या, राज्याचा आकडा २२ च्या आसपास. त्यामुळे आई म्हणते ते खरं आहे. तरीही त्यावरून 'म्हणून तू बाहेर जायचं नाही' असा अर्थ मी काढणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा देशभरातून माणसं लातूर-धाराशिवला धावून आली. तुमच्याकडे काय कमी आहे असं त्यांना कुणी विचारलं नाही. आणि पुढची गोष्ट तुझ्या पिढीला फारशी कुणी सांगत नाही, म्हणून सांगते. त्या पुनर्वसनात गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून नेमलं होतं. 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था प्रेमा गोपालन यांच्या पुढाकाराने त्यांच्यासोबत उभी होती. घर कसं बांधलं जातंय, भूकंपाला टिकेल असं आहे का, सरकारी पैसा कुठे अडलाय, हे त्या बायका बघायला शिकल्या. २६ जानेवारी २००१ ला कच्छ हादरला तेव्हा याच लातूर-धाराशिवच्या बायका गुजरातला गेल्या, तिथल्या बायकांना भेटल्या. गुजराती येत नव्हतं. पण घर पडल्यावर पहिल्या महिन्यात काय मागायचं, कुणाकडे, आणि कोणत्या कागदावर सही करायची नाही, हे त्या स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकत होत्या. सुनामीनंतर हेच काम तमिळनाडूपर्यंत गेलं. मराठवाड्यातली बाई दुसऱ्याच्या गावात मदतीला जाते याला आपल्याकडे असा भक्कम पूर्वइतिहास आहे. आईला ही गोष्ट सांग. परदेश नावाला ती घाबरत असेल, पण अडलेल्या बाईकडे बाईने जाणं तिला परकं वाटणार नाही.

तेव्हा माझं म्हणणं असं की एक-दोन वर्षं इथे नीट काम कर आणि मग जा. 'इथे काम कर' म्हणजे घरी बस असं नव्हे. कुणा जाणत्या बाईच्या हाताखाली बस. तुझ्याजवळच अंबाजोगाईला मानवलोक ही संस्था आहे, शैला लोहिया यांनी उभं केलेलं मनस्विनीचं महिलांचं काम आहे. अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. जिल्हा ओलांडलास की जामखेड. तिथे १९७० पासून आरोळे दांपत्याने निरक्षर बायकांमधून गावच्या आरोग्य कार्यकर्त्या घडवल्या, आणि त्यांच्याकडून शिकायला आफ्रिकेतली माणसंही येतात. विचार कर, ज्या केनियात तू शिकवायला निघालीस तिथल्या एखाद्या नर्सची गाठ तुला जामखेडला पडू शकते. एखादं काम असं शिक की ते तुझ्याकडूनच करून घ्यावंसं लोकांना वाटेल. मला विचारशील तर बचत गटाचे हिशेब आणि मुलींची हंगामी वसतिगृहं, ही तुझी दोन क्षेत्रं. बालविवाहाची खबर मिळाली की १०९८ ला फोन केल्यानंतर पुढे नेमकं काय घडतं, बालकल्याण समितीसमोर मुलीला कसं उभं करतात, घरचे उलटले तर काय, हे एकदा स्वतः निभावलंस की ते जगात कुठेही उपयोगी पडतं. केनियातही मुलांसाठी अशीच ११६ क्रमांकाची हेल्पलाइन आहे.

त्यानंतरचे रस्ते आहेत, आणि त्यांना उचल लागत नाही. संयुक्त राष्ट्रांची यूएन व्हॉलंटियर्स ही संस्था १९७० मध्ये स्थापन झाली, मुख्यालय जर्मनीत बॉनला. अर्जाला एक रुपया घेत नाहीत, निवड झाली तर प्रवास, विमा आणि जगण्यापुरता भत्ता तेच देतात. युवा स्वयंसेवकांची वयोमर्यादा १८ ते २६ आहे, म्हणजे तुझ्या हातात अजून वेळ आहे. निवड सोपी नाही, इंग्रजीत अर्ज आणि मुलाखत असते, म्हणून इंग्रजीवर आजपासून मेहनत घे. त्यांचं ऑनलाइन स्वयंसेवकांचं कामही चालतं. ते केजमध्ये बसून करता येतं आणि पुढच्या अर्जाला अनुभव म्हणून दाखवता येतं. १९५८ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू झालेली व्हीएसओ नावाची संस्था आहे, ती अनुभवी माणसं घेते, तिच्याकडे नंतर बघ.

आणि परदेश म्हणजे विमानच कशाला? नेपाळला आपल्याला व्हिसा लागत नाही, जमिनीवरून जाता येतं, लिपी देवनागरी, तराईत हिंदी समजते. पश्चिम नेपाळच्या डोंगरी जिल्ह्यांत पाळीतल्या बाईला घराबाहेरच्या खोपटात निजायला लावण्याची छौपदी प्रथा आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये ती बेकायदा ठरवली आणि २०१८ पासून तसं करायला लावणाऱ्याला तीन महिने कैद किंवा तीन हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, होऊ शकतात. तरी खोपटी उभी राहतात. हे काम तिथल्या बायकाच वर्षानुवर्षं करताहेत, १९८८ पासून गावोगाव महिला आरोग्य स्वयंसेविका आहेत. त्यांच्या एखाद्या संस्थेने तुला तीन महिने हिशेबासाठी, नोंदींसाठी बोलावलं, तर मी म्हणेन डोळे मिटून जा. केनियाच्या एजन्सीच्या फीच्या छोट्याशा भागात होईल.

कुठेही गेलीस तरी दोन-तीन गोष्टी गाठीशी ठेव. मुलींचे फोटो काढून टाकत सुटू नकोस. तुझे फोटो कुणाकुणाच्या पुण्याच्या घरात आहेत हे तुला कधी कळलं का? वस्तू वाटू नकोस, वाटायच्याच तर शाळेमार्फत आणि शाळा सांगेल त्याच. एखाद्या मुलीने तुझ्याजवळ अत्याचाराची गोष्ट बोलून दाखवली तर एकटीने सोडवायला जाऊ नकोस आणि "मी कुणाला सांगणार नाही" असं वचनही देऊ नकोस. तिथल्या जबाबदार बाईंना त्याच दिवशी सांग. तू निघून आल्यावर त्या मुलीला त्याच घरात राहायचं असतं. आणि पुन्हा येणार असशील तरच "पुन्हा येते" म्हण.

तब्येतीचं थोडक्यात. केनिया पीतज्वराच्या देशांत मोडतो, परत येताना भारतात त्या लशीचं प्रमाणपत्र बघतात. ते नसेल तर विमानतळावरून थेट विलगीकरणात. लस निघण्याच्या किमान दहा दिवस आधी, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, एकदा घेतली की जन्मभर चालते. किसुमू भागात हिवताप खूप आहे, त्याच्या गोळ्या डॉक्टरला विचारून आधीपासून सुरू कराव्या लागतात. पोचलीस की नैरोबीतल्या भारतीय उच्चायुक्तालयाला आपला पत्ता कळव.

लग्नाचं गावाने काढलं म्हणून लिहिते. घाईत होकार देऊ नकोस. स्थळ बघायचं झालं तर "मला दोन वर्षांनी काही महिने बाहेर कामाला जायचंय" हे पहिल्या बैठकीत सगळ्यांदेखत बोल. ज्यांना पटणार नाही ते त्याच दिवशी चहा पिऊन जातील.

एक काम मात्र लांबवू नकोस, पासपोर्ट. त्याची फी साधारण दीड हजार, ती तुझ्या मानधनातून दे. आपल्याकडे आता पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रांत काम होतं, मुंबईला जावं लागत नाही. जन्मतारखेला दहावीचं प्रमाणपत्र चालेल. आधार, दहावीचं प्रमाणपत्र आणि पदवीच्या कागदांवर नावाचं आणि आडनावाचं स्पेलिंग एकच आहे का ते अर्जाआधी बघ. आपल्या भागात सगळ्यात जास्त अर्ज तिथेच अडतात. आणि अर्ज अशा वेळी कर की पोलीस पडताळणीला येतील तेव्हा तू गावात असशील. आई-बाबा कारखान्यावर आणि घराला कुलूप, असं झालं तर अहवाल उलटा जातो.